दगडावर बसणारा वस्तरा

उघड्या पात्याच्या वस्तऱ्याने स्वतःची दाढी स्वतः करायची, असे ठरवल्यावर माझ्यासमोर दोन प्रश्न उभे राहिले. वस्तरा कोणता घ्यावा, आणि त्याला धार कशी लावावी? हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत, हे मला दगडावर काम करता करता उमगत गेले. जो वस्तरा दगडावर नीट बसतो तोच नवशिक्याने घ्यावा. त्याचे पोलाद कितीही नामांकित असो, मूठ कितीही देखणी असो, पाते दगडावर डुगडुगत असेल तर नवशिक्याच्या हाताने त्याला टोकापासून टाचेपर्यंत, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या कडेपर्यंत, एकसारखी धार येत नाही.

यामागचे कारण वस्तऱ्याच्या घडणीतच आहे. स्वयंपाकघरातल्या सुरीला धार लावताना पाते दगडाशी किती अंशांत धरायचे हे हाताला शिकवावे लागते, आणि तो कोन प्रत्येक घासणीला सांभाळावा लागतो. वस्तऱ्याचे तसे नसते. वस्तरा दगडावर आडवा ठेवला की त्याची जाड पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात, आणि कोन आपोआप ठरतो. तो कोन घडवणाऱ्याने पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणात बांधून ठेवलेला असतो. पात्याची रुंदी १६ मिलिमीटर आणि पाठीची जाडी ४.६ मिलिमीटर असेल, तर धारेचा एकूण कोन साधारण साडेसोळा अंश येतो. रुंदी जाडीच्या चौपट झाली की तो साडेचौदाच्या आसपास उतरतो, आणि तिप्पट असेल तर एकोणीस अंशांवर जातो. फार लहान कोनाची धार नाजूक असते आणि लवकर तुटते, तर फार मोठ्या कोनाची धार केस कापण्याऐवजी ओढते. हे गणित समजल्यावर मी वस्तरे पाहायला बसलो तेव्हा हाताशी एक साधा कॅलिपर ठेवू लागलो, आणि मूठ व नक्षी पाहण्याआधी पाठ आणि रुंदी मोजू लागलो.

वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत सांगण्याची पद्धत आहे. ४/८ म्हणजे अर्धा इंच, आणि ८/८ म्हणजे पूर्ण इंच. सर्वाधिक आढळतात ते ५/८ आणि ६/८, म्हणजे सुमारे १६ आणि १९ मिलिमीटर रुंदीचे. अरुंद पाते नाकाखाली सहज फिरते, पण त्यावर साबणाचा फेस फारसा मावत नाही, त्यामुळे ते वारंवार पुसावे लागते. रुंद पाते फेस भरपूर घेते, गालावर स्थिर चालते, मात्र हनुवटीच्या वळणावर नवख्या हाताला अवजड जाते. मी ५/८ निवडले आणि ती निवड मला अजूनही योग्य वाटते.

रुंदीपेक्षा अधिक विचार मला पात्याच्या बाजू कशा घासलेल्या आहेत याचा करावा लागला. पाचरीच्या घडणीचा वस्तरा पाठीपासून धारेपर्यंत सरळ निमुळता होत जातो. त्याउलट खोलगट वस्तऱ्याच्या दोन्ही बाजू गोल चाकावर आत घासलेल्या असतात, आणि त्या किती आत घासल्या आहेत त्यावरून त्याला पाव, अर्धा किंवा पूर्ण खोलगट म्हणतात. पूर्ण खोलगट पाते धारेकडे इतके पातळ असते की खुंट कापताना त्याचा बारीक आवाज स्पष्ट ऐकू येतो, आणि नखावर थोडेसे दाबले तर ते वाकलेले दिसते. दाढीच्या दृष्टीने प्रत्येक प्रकाराचे चाहते आहेत. धार लावण्याच्या दृष्टीने मात्र फरक मोठा आहे. खोलगट पात्याची फक्त पाठ आणि धारेलगतचा एक अरुंद सपाट पट्टा एवढेच दगडाला लागते. या पट्ट्याला मी पुढे ‘उतार’ म्हणणार आहे. पाचरीच्या वस्तऱ्यात जवळजवळ सबंध बाजूच दगडावर लोळते, त्यामुळे तेवढ्याच धारेसाठी कितीतरी जास्त पोलाद घासावे लागते. इंग्लंडमधल्या शेफील्डचे एकोणिसाव्या शतकातले भारदस्त, रुंद, पाचरीसारखे वस्तरे पाहताना मन त्यांच्याकडे फार ओढ घेत होते. ज्या गावात बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात मुशीतले एकजिनसी पोलाद तयार करण्याची रीत बसवली, त्या गावाचा वस्तरा हाती असावा असे कोणाला वाटणार नाही? पण पहिल्या वस्तऱ्यासाठी मी ती ओढ आवरली आणि अर्ध्या खोलगट पात्यावर थांबलो. ते फार लवचीक नसल्याने दगडावर दाब किंचित अधिक-उणा झाला तरी सांभाळून घेते.

टोकाचा प्रश्न सोपा होता. चौकोनी टोकाच्या वस्तऱ्याने कल्ल्यांची आणि मिशीची कड नेमकी कापता येते, पण तेच तीक्ष्ण टोक कानाच्या पाळीला किंवा ओठाला लागू शकते. नवशिक्याने गोल टोक घ्यावे आणि पुढचा विचार करू नये.

नवा घ्यावा की जुना, यावर मी बराच वेळ घालवला. नवा वस्तरा सरळ आणि स्वच्छ असतो. पण कारखान्यातून येणारी धार बहुधा थेट चेहऱ्यावर चालवण्याइतकी पूर्ण नसते, आणि ती शेवटी दगडावर न्यावीच लागते. जुन्या वस्तऱ्यांचा साठा जगभर प्रचंड आहे, आणि त्याला इतिहासच कारण आहे. किंग कॅम्प जिलेटने १९०१ मध्ये अर्ज केलेले पेटंट त्याला १९०४ मध्ये मिळाले, आणि बदलता येणाऱ्या पातळ पात्यांच्या त्या रेझरमुळे धार लावण्याची गरजच उरली नाही. पुढच्या काही दशकांत घराघरांतले वस्तरे खणांत जाऊन पडले. त्यांतले अनेक आजही उत्तम पोलादाचे आणि फारसे न झिजलेले सापडतात. माझ्या हाती आलेला वस्तरा सोलिंगेनचा होता. जर्मनीतल्या या शहराच्या नावाला १९३८ पासून कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे त्यानंतरच्या पात्यावर ते नाव असेल तर ती केवळ जाहिरात समजता येत नाही. मात्र गावाचे नाव पोलादाची हमी देते, पात्याच्या सद्यःस्थितीची देत नाही. ती आपल्यालाच तपासावी लागते.

ही तपासणी मी सावकाश केली, आणि नवशिक्याने याच टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा असे माझे ठाम मत आहे. सर्वप्रथम मी पाते जाड काचेच्या सपाट तुकड्यावर आडवे ठेवले आणि मागून विजेरीचा प्रकाश सोडला. धार आणि काच यांच्यामधून प्रकाशाची फट दिसते का, आणि टोक व टाच यांवर आळीपाळीने बोट टेकवले तर पाते हलते का, हे पाहायचे होते. नंतर पाते उलटून दुसऱ्या बाजूने तेच केले. एका बाजूने मधोमध फट आणि दुसऱ्या बाजूने दोन्ही टोकांशी फट दिसली तर पाते पीळ खाल्लेले किंवा वाकलेले आहे असे समजावे. अशा पात्याला जाणकार माणूस अरुंद दगडावर धार लावू शकतो, पण शिकणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

त्यानंतर धारेची रेषा. ती सरळ असावी किंवा मध्यभागी किंचित बाहेर आलेली असावी. ती मध्येच आत गेलेली असेल, म्हणजे टोक व टाच खाली आणि मधला भाग वर असेल, तर सपाट दगडावर मधल्या भागाला दगड लागतच नाही, आणि तेथे धार येण्यासाठी आधी दोन्ही टोकांचे पोलाद झिजवून रेषा सरळ करावी लागते. पाठीवरचे सपाट झालेले पट्टेही मी पाहिले. प्रत्येक वस्तऱ्याच्या पाठीवर दगडाने घासलेला एक अरुंद पट्टा असतोच. तो दोन्ही बाजूंना सारखा आणि टोकापासून टाचेपर्यंत एकाच रुंदीचा असेल, तर वस्तरा पूर्वी काळजीपूर्वक वापरला गेला आहे असे मानता येते. तो एका टोकाला फार रुंद असेल, तर तेथे पाठ पातळ झालेली असते आणि त्याबरोबर त्या जागचा कोनही बदललेला असतो.

गंज पाहताना त्याचा रंग दुय्यम असतो, त्याची जागा महत्त्वाची असते. पाठीवरचा किंवा बाजूवरचा गंज दिसायला वाईट असला तरी दाढीला अडवत नाही. धारेलगत मात्र काळे खोल ठिपके असतील, तर वरचे पोलाद घासल्यावर तो खड्डा नेमका धारेवर येतो आणि तेथे धार बारीक तुकड्यांनी निसटत राहते. मुठीच्या फळ्या सेल्युलॉइडच्या असतील तर आणखी एक गोष्ट पाहावी. हा पदार्थ कालांतराने विघटित होऊ लागतो आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या आम्लधर्मी वाफा मिटलेल्या पात्यावरच गंज चढवतात. मूठ भेगाळलेली आणि आतले पाते विचित्र पद्धतीने, फक्त मुठीत राहणाऱ्या भागावरच गंजलेले असेल, तर तो वस्तरा सोडून द्यावा, आणि घ्यायचाच असेल तर मूठ बदलण्याच्या तयारीने घ्यावा. अतिशय चकाकणाऱ्या जुन्या वस्तऱ्याबद्दलही मी सावध राहिलो. फिरत्या चाकावर बेफिकिरीने पॉलिश केलेले पातळ पाते तापले तर त्याचे पाणी उतरते, आणि मऊ पडलेल्या पोलादावर कितीही मेहनत घेतली तरी धार टिकत नाही.

साफसफाई मी हातानेच केली. पाठीवरचे डाग धातूच्या पॉलिशने आणि मऊ कापडाने पुसले, पाते आणि मूठ जोडणाऱ्या खिळीजवळची जुनी साचलेली घाण लाकडी काडीने काढली, आणि पात्याची चमक परत आणण्याचा हव्यास धरला नाही.

आता दगड. दगडाच्या नावातला ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितके त्यातले घासणारे कण बारीक. एका सर्वपरिचित मालिकेत १००० ग्रिटच्या दगडातले कण सुमारे १४ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ४००० चे ६ मायक्रॉनचे आणि ८००० चे ३ मायक्रॉनचे असतात. प्रत्येक कंपनीचे माप थोडे वेगळे असते, त्यामुळे आकडे एकाच मालिकेतले घेतलेले बरे. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन असते, यावरून आपण कोणत्या प्रमाणात काम करतो आहोत याची कल्पना यावी. मी १०००, ४०००, ८००० आणि १२००० असे चार पाण्याचे दगड वापरले. नैसर्गिक दगडांचे जग निराळे आणि मोहक आहे. बेल्जियमच्या आर्डेन भागातला फिकट पिवळसर कोटिक्यूल हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. त्यात गार्नेट या खनिजाचे सूक्ष्म स्फटिक असतात आणि तेच पोलाद घासतात. पण प्रत्येक नैसर्गिक दगडाचा स्वभाव वेगळा असल्यामुळे, दोष हाताचा की दगडाचा हे शिकताना कळणार नाही, म्हणून मी ठरावीक ग्रिटचे कृत्रिम दगड पसंत केले.

दगड नवा असला तरी सपाट असेलच असे नाही, आणि वापरता वापरता तो मध्ये खोलगट होत जातो. मी प्रत्येक दगडाच्या पृष्ठभागावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघांची जाळी काढली आणि तो दगड पाणी घालून हिरेकणांच्या सपाट पट्टीवर घासला. कोपऱ्यातल्या रेघा आधी गेल्या आणि मधल्या उरल्या, म्हणजे मध्यभाग खोल होता. सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत घासले, पुन्हा जाळी काढली, आणि यावेळी सगळी जाळी जवळजवळ एकदमच पुसली गेली तेव्हा दगड सपाट झाला असे मानले. हे काम कंटाळवाणे वाटते, पण पात्याचा सरळपणा काचेवर इतक्या बारकाईने तपासल्यावर ते पाते वाकड्या दगडावर ठेवण्यात अर्थ नाही.

धार लावण्याचे खरे काम १००० च्या दगडावर होते, आणि याबद्दल मला अगदी मनापासून सांगायचे आहे. नवशिक्याचे लक्ष शेवटच्या, सर्वांत बारीक दगडाकडे लागलेले असते. परंतु दोन्ही बाजूंचे उतार टोकापासून टाचेपर्यंत एकाच रेषेत येऊन मिळाले नसतील, तर पुढचे सगळे दगड केवळ उताराला चकाकी आणतात. धारेपर्यंत ते पोहोचतच नाहीत. उतार मिळाले आहेत की नाही हे पाहण्यासाठी मी दोन्ही उतारांवर मार्करची काळी शाई लावली आणि अगदी हलक्या हाताने एकदा घासून पाहिले. शाई जेथे गेली तेथे दगड लागतो, जेथे राहिली तेथे लागत नाही. माझ्या वस्तऱ्यात टोकाजवळचा थोडा भाग काळाच राहत होता. तेथे उतार धारेपर्यंत पोहोचायला आणखी पोलाद निघायला हवे होते.

सुरू करण्यापूर्वी पाठीवर विजेच्या कामात वापरतात त्या चिकटपट्टीचा एक थर लावायचा की नाही, यावर जाणकारांत जुना मतभेद आहे. पट्टी लावल्याने पाठ झिजत नाही, आणि माझ्या मापाच्या पात्यावर कोन साधारण एक अंशाने वाढतो. मी पट्टी लावली, कारण १००० वर किती वेळ लागेल याचा अंदाज नव्हता आणि पाठ झिजवून मूळ कोन बिघडवायचा नव्हता. एकदा पट्टी लावून उतार बसवले की शेवटच्या दगडापर्यंत पट्टी राहू द्यावी लागते आणि ती झिजली की बदलावी लागते, कारण ती काढताच कोन कमी होतो आणि धारेचा काठ दगडापासून वर राहतो.

दगड ओला करून पाते आडवे ठेवले. बोटांची पकड खिळीच्या पुढच्या जाड भागावर, मूठ सैल आणि मनगट मोकळे. वस्तरा दगडावर नेहमी धार पुढे ठेवून ढकलतात, जणू दगडाचा पातळ पापुद्रा काढायचा आहे. शेवटाला पोहोचल्यावर पाते पाठीवरून उलटायचे, म्हणजे पाठ दगडाला टेकलेलीच राहते आणि धार वरून वळते, आणि मग परत आपल्याकडे ओढायचे. दगडाची रुंदी पात्याच्या लांबीपेक्षा किंचित कमी असल्याने सरळ ढकलले तर एक टोक बाहेर राहते. म्हणून पाते तिरके सरकवत नेतात, सुरुवातीला टाच दगडावर आणि अखेरीस टोक दगडावर. दोन्ही दिशांच्या वाटा एकमेकींना फुलीसारख्या छेदतात. १००० वर मी आधी एकाच बाजूने छोट्या पुढे-मागे घासण्या केल्या, मग तितक्याच दुसऱ्या बाजूने, आणि शाई सर्वत्र निघू लागल्यावर फुलीच्या घासण्यांवर आलो. दाब सुरुवातीला एका बोटाइतका होता आणि नंतर कमी करत पात्याच्या वजनापर्यंत आणला.

उतार मिळाल्याच्या खुणा एकाहून अधिक आहेत, आणि त्या सगळ्या एकत्र याव्यात अशी माझी अट होती. पहिली खूण प्रकाशाची. पाते धार वर करून दिव्याखाली धरले आणि सावकाश हलवले, तर बोथट जागा बारीक पांढऱ्या रेषेसारखी चमकते, कारण तेथे प्रकाश परतवायला सपाट जागा उरलेली असते. खरी धार प्रकाश परतवत नाही, ती दिसतच नाही. दुसरी खूण पाण्याची. पाते पुढे ढकलताना सुरुवातीला ते दगडावरचे पाणी नुसते पुढे लोटते, पण उतार मिळू लागले की पाणी धारेवरून पात्याच्या बाजूवर चढते, आणि ते सबंध लांबीवर सारखे चढायला हवे. तिसरी खूण हाताच्या केसांची. त्वचेला अगदी लागून पाते फिरवले असता टोक, मध्य आणि टाच या तिन्ही जागी केस सारख्याच सहजतेने कापले गेले पाहिजेत. माझ्या बाबतीत मध्य आणि टाच लवकर तयार झाल्या, टोकाला मात्र बराच वेळ लागला. भिंगातून पाहिले तेव्हा टोकाजवळ उताराच्या ओरखड्यांच्या आणि काठाच्या मध्ये एक वेगळ्या पोताची कड दिसत होती. ती नाहीशी होईपर्यंत मी दगड बदलला नाही.

४००० आणि ८००० या दगडांवर तुलनेने थोडे सांगण्यासारखे आहे. आधीच्या दगडाचे खोल ओरखडे काढून त्या जागी अधिक बारीक ओरखडे आणणे एवढेच त्यांचे काम, आणि उतार चांगले बसलेले असतील तर ते झपाट्याने होते. ४००० वर भिंगाखाली १००० चे ओरखडे शोधत राहावे. ८००० वर उतार आरशासारखा होऊ लागतो. प्रत्येक दगडानंतर पाते आणि हात दोन्ही स्वच्छ धुवावेत, नाहीतर जाड दगडाचा एखादा कण बारीक दगडावर येऊन बसतो.

१२००० वर हात आणखी हलका करावा लागतो. येथे मला पाते दगडाला चिकटू लागल्याचे जाणवले. दोन अत्यंत गुळगुळीत पृष्ठभागांमध्ये पाण्याचा पातळ थर राहिला की असे होते. घासण्याचा आवाजही बदलतो आणि जवळजवळ लोपतो. ही जाणीव टाचेपासून टोकापर्यंत सारखी झाली, तेव्हा मी आणखी थोड्या, केवळ पात्याच्या वजनाने चालवलेल्या घासण्या देऊन थांबलो. बारीक दगडावर अधिक वेळ घालवल्याने धार सतत सुधारतच जाते असे नाही. एका मर्यादेनंतर धारेचा काठ इतका पातळ होतो की तो स्वतःच तुटू लागतो.

दगडानंतर चामड्याचा पट्टा येतो, आणि त्याच्याशिवाय धार पूर्ण होत नाही. पट्ट्यावर दिशा उलटी असते. पाठ पुढे आणि धार मागे. धार पुढे ठेवली तर चामडे कापले जाते आणि धारही जाते. पट्टा ताणलेला हवा. तो सैल असेल तर चामडे धारेभोवती वळते आणि तिला गोल करते. वळणावर पाते पाठीवरूनच उलटायचे, आणि पाठ चामड्यावरून उचलायची नाही. मी आधी कापडी पट्ट्यावर आणि मग चामड्यावर पाते घोटले. वेग वाढवण्याची घाई केली नाही, कारण पट्ट्यावर मिळणारा लाभ वेगाचा नसून पाते सपाट राहण्याचा असतो. क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्टही मिळते, आणि वेगळ्या पट्ट्यावर ती लावून धार चेहऱ्याला आणखी मऊ लागेल अशी करता येते. पण दगडाचे काम कितपत जमले आहे हे मला निर्भेळ कळायला हवे होते, म्हणून पहिल्या वेळी मी ती वापरली नाही.

मऊ केसाने कडक पोलाद बोथट होते कसे, हा प्रश्न मला या सगळ्या काळात सतावत होता. २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात याचे उत्तर दिले. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो. तरीही केस वाकून पात्यावर तिरका ताण देतो, आणि धारेच्या अगदी काठाशी पोलादाची अंतर्गत रचना एकसारखी नसेल, तर तेथे सूक्ष्म कपचा उडतो, असे त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. त्यांचा अभ्यास बदलत्या पात्यांवर होता. तरी तो वाचल्यावर दाढीआधी केस गरम पाण्याने चांगले भिजवण्याचे महत्त्व मला नव्याने पटले. भिजलेला केस मऊ होतो आणि पात्यावर पडणारा ताण कमी होतो.

पहिली दाढी मी फक्त गालांपुरती करायचे ठरवले होते. गाल सपाट असतो, मोकळ्या हाताने त्वचा वर ताणून धरता येते आणि केसांची दिशा स्पष्ट असते. पाते त्वचेशी साधारण ३० अंशांत धरले. कोन यापेक्षा फार वाढला तर पाते त्वचा खरवडते, आणि फार कमी झाला तर केसांना ओढते. केसांच्या दिशेने छोटे, सलग फटकारे मारले, आणि पाते त्वचेवर असताना ते कधीही आडवे, म्हणजे धारेच्या लांबीच्या दिशेने सरकू दिले नाही, कारण कापते ती हीच हालचाल. पूर्ण खोलगट पात्याइतका नसला तरी खुंट तुटण्याचा बारीक आवाज येत होता, आणि तो आवाज टिकून आहे तोवर धार काम करते आहे असे समजता येत होते. गाल दोन्ही बाजूंनी निर्वेध झाले. तुरटीचा खडा फिरवल्यावर फार थोडी जळजळ जाणवली, त्यावरून त्वचा फारशी खरवडली गेलेली नाही हे कळले.

हनुवटीवर आणि ओठाच्या वर वस्तरा नेला तो नंतरच्या काही दाढ्यांत. तेथे केस दाट आणि ताठ असतात, त्यांची दिशा बदलत जाते, आणि नेमके पात्याचे टोकच उपयोगी पडते. या जागी मला टोकाजवळ किंचित ओढ जाणवली. आता प्रश्न होता, कोणत्या दगडावर परतायचे? याचे उत्तर १००० च्या दगडावर केलेल्या कामात होते. उतार मिळालेले आहेत याची खात्री असल्यामुळे तेथपर्यंत मागे जाण्याचे कारण नव्हते. भिंगाखाली टोकाजवळच्या उतारावर ४००० चे काही ओरखडे अजून उरलेले दिसले. ते ८००० वर काढले, मग १२००० आणि पट्टा. त्यानंतर हनुवटीवरची ओढ गेली. उतारांबद्दल खात्री नसती, तर दोष धारेचा, पट्ट्याचा की माझ्या हाताच्या कोनाचा, हे ठरवण्यातच वेळ गेला असता.

रोजची निगा थोडक्यात सांगता येते. दाढी झाल्यावर पाते कोमट पाण्याने धुऊन कोरडे करावे, पुसताना कापड पाठीकडून धारेकडे न्यावे, आणि खिळीजवळ अडकलेले पाणी विसरू नये, कारण कार्बन पोलादाला गंज तेथूनच लागतो. वस्तरा काही दिवस वापरायचा नसेल तर पात्यावर खनिज तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि मूठ हवेशीर ठेवावी, बंद चामडी पिशवीत ठेवू नये. दाढीच्या आधी पट्ट्यावर घोटावे. धार हळूहळू मंदावू लागली, म्हणजे हनुवटीवर तिसरा-चौथा फटकारा द्यावा लागू लागला, की १२००० वर थोड्या हलक्या घासण्या पुरेशा होतात. त्या पुरल्या नाहीत तर ८००० वर जावे. १००० वर परत जाण्याची वेळ पात्याला कपचा पडला तरच येते.

या अनुभवानंतर मी दुसरा वस्तरा घेतला तो शेफील्डचा, ६/८ रुंदीचा, पाव खोलगट. काचेवर तो पहिल्यासारखा निश्चल बसत नाही, कारण त्याची धार मध्यभागी बाहेर आलेली आहे आणि पाठही त्याच वळणाने गेलेली आहे. हे पाहूनच तो घेतला. असे पाते सपाट दगडावर एकाच वेळी सबंध टेकत नाही. म्हणून तिरके सरकवताना मनगट किंचित फिरवून दाब टाचेकडून टोकाकडे नेत राहावा लागतो, म्हणजे प्रत्येक घासणीत धारेचा एकेक भाग क्रमाने दगडावर येतो. सध्या तो १००० वर आहे. शाई मधल्या भागातून आणि टाचेपासून सारखी निघते. टोकाकडे हात अजून पूर्ण वळत नाही, तेथे दोन मिलिमीटर काळी राहते, आणि ती निघेपर्यंत ४००० चा दगड मी भिजवणार नाही.